डाव्या बरगडीवरची आक्का

बंडी पहिल्यांदा अंगात घातली तेव्हा मला इतक्या गुदगुल्या झाल्या, की प्लांटच्या आवारात सगळ्यांसमोर मी खिदळलो. पन्नाशीला आलेला बाप्या, दहा चाकांच्या काँक्रीट मिक्सरचा ड्रायव्हर, आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसतोय. खाली उभे असलेले दोस्त टाळ्या पिटत होते. शेजारी क्लीनरच्या सीटवर बसलेल्या मुलाणी मॅडम मात्र शांतपणे म्हणाल्या, "हसून घ्या, तापकीर. महिन्याभरात बंडी अंगात आहे हे तुमच्या ध्यानातसुद्धा राहणार नाही."

शमा मुलाणी म्हणजे ही बंडी बनवणाऱ्या इंजिनिअर. नवा नियम आला होता. शहरात फिरणाऱ्या प्रत्येक अवजड गाडीच्या ड्रायव्हरने बंडी घातलीच पाहिजे. आमच्या मोशीच्या प्लांटवर सगळ्यात आधी ती आली, आणि पहिल्या खेपेला मॅडम प्रत्येकाबरोबर स्वतः फिरल्या. मी त्यांना तेव्हाच विचारून टाकलं की आमच्यावर एवढा काय राग आहे, उकाड्यात सदऱ्याच्या आत आणखी एक बंडी कशाला?

त्यांनी मलाच उलट विचारलं, "तुमच्या गाडीच्या डाव्या पुढच्या चाकाशी आत्ता कोण उभं आहे?"

मी काचेतून पाहिलं, आरशात पाहिलं, वरच्या गोल आरशात पाहिलं. "कोणी नाही."

मॅडमनी खिडकीतून हाक मारली. चाकाशी उकिडवे बसलेले तिघं जण उठून उभे राहिले.

आता हे काही मला नवीन नव्हतं. मिक्सरचा ड्रायव्हर उजवीकडे उंचावर बसतो आणि डाव्या चाकाशी एक अख्खी खोली मावेल एवढी जागा त्याला कशातूनच दिसत नाही. पूर्वी ती जागा क्लीनरची. तो खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळायचा आणि दारावर थाप मारायचा, एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे जाऊ दे. पुढे कंपन्यांनी क्लीनर काढले आणि कॅमेरे लावले. सिमेंटच्या धुरळ्याने दुपारपर्यंत कॅमेऱ्याला मोतीबिंदू व्हायचा. मग भोंगा आला. आमच्या रस्त्यावर गाडीच्या हातभर अंतरावर कायम कोणीतरी असतंच, त्यामुळे तो दिवसभर केकाटायचा. आम्ही त्याच्या तोंडात चिंध्या कोंबल्या. मग आपोआप ब्रेक लागणारी एक गाडी आणली गेली. ती काट्याच्या चौकात, म्हणजे जुना वजनकाटा आहे तिथे, सकाळी जी उभी राहिली ती उभीच. समोर कोणी ना कोणी असल्याशिवाय आमचा चौक कधी राहतो का? शेवटी हवालदाराने हात जोडले आणि ती परत न्यायला लावली.

मॅडमचं म्हणणं असं, की ड्रायव्हरचे डोळे कामात, कान कामात, हातपाय कामात. रिकामी काय असते, तर पाठ आणि बरगड्या. गाडीच्या डाव्या आरशाखाली साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी बसवलेली होती, उजव्याखाली तशीच दुसरी. आम्ही तिला डोळा म्हणायचो, पण तो डोळा नव्हताच. त्यातून रडारच्या बारीक लहरी सुटायच्या आणि जे कोणी शेजारी असेल त्याच्यावर आपटून परत यायच्या. धूळ असो, पाऊस असो, त्यांना फरक पडत नाही. खांबावर लहर जाते तशीच परत येते. पण सायकलवाल्याचे गुडघे सारखे पुढे मागे होतात, त्यामुळे त्याच्याकडून आलेली लहर हिंदकळत येते. त्यावरून यंत्राला कळतं की हा खांब नाही, माणूस आहे आणि पायडल मारतोय. मग बंडीत शिवलेल्या बारीक बारीक मोटारी, मोबाइल थरथरतो ना तशा, नेमक्या त्या जागी थरथरतात. सायकल मागच्या चाकापाशी असेल तर डाव्या कमरेवर. ती पुढे आली की थरथर बरगड्यांवरून छातीकडे सरकते.

"पण हे सगळं मी चालवताना आठवत बसू?" मी विचारलं.

"काही आठवायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "आंधळा माणूस काठी टेकत चालतो, तेव्हा त्याला रस्ता तळहातात लागत नाही. काठीच्या टोकाशी लागतो. मेंदूने काठी आपल्या अंगातच धरलेली असते. तुमचा मेंदू ही गाडी अंगात धरेल. त्याला थोडा वेळ द्या."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बोलायला काय जातंय.

मला खरी काळजी वेगळीच होती. माझी थोरली बहीण उज्ज्वला, माझी आक्का, एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते आणि रोज सकाळी माझ्याच रस्त्याने सायकलवर कामाला जाते. पेट्रोल परवडेनासं झालं तेव्हा निम्मं गाव सायकलवर आलं. महापालिकेने रस्त्याच्या कडेला हिरवे पट्टे मारून दिले, पण चौक आला की पट्टा गायब. अशाच एका वळणावर काही वर्षांपूर्वी एका टँकरने आक्काला फरपटत नेलं होतं. जीव वाचला, डावा गुडघा मात्र कायमचा आखडला. त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. कुठलं तरी डावं वळण, कुठलं तरी चाक, आणि खाली आक्का. चाक माझंही असू शकतं, हे मी कधी कोणाजवळ बोललो नव्हतो.

"आक्का, बसनं जात जा," मी तिला नेहमी म्हणायचो.

"बस तिच्या येळंला येती, मी माझ्या येळंला जाते," ती म्हणायची. "आणि मी का सायकल सोडू? मी काय कुणाच्या अंगावर जाते का? तुम्ही येता अंगावर."

ती बोलायची ते खरंच होतं.

मॅडमनी सांगितलेला महिना पुरा व्हायच्या आतच ते झालं. कधी झालं ते मला सांगता येणार नाही. थरथर जाणवायची थांबली आणि त्याऐवजी माणसं जाणवायला लागली. डावीकडून कोणी आलं की मला ते बरगडीवर नाही, गाडीच्या पत्र्याशी लागायचं. आपण दाटीतून चालताना कोपर आपोआप आत घेतो ना, तसा मी मिक्सर आत घ्यायला लागलो. पायडलची लयही कळायची. कॉलेजची पोरं टपाटप मारायची. भाजीवाल्याची जड सायकल दमादमाने यायची. आणि एक लय अशी होती, की एक ठोका पुरा आणि दुसरा अर्ध्यावर तुटलेला. पुरा, तुटका. पुरा, तुटका.

एका सकाळी वेशीच्या कमानीपाशी ती लय छातीकडे सरकत असताना माझ्या एकदम लक्षात आलं, की हा आखडलेला गुडघा आहे. ही आक्का आहे.

मी मिक्सर हळू केला. तिला पुढे जाऊ दिलं. मग काचेतून तिची पाठ दिसली, लाल छत्री मागे कॅरिअरला अडकवलेली. वीस टन काँक्रीट पाठीवर घेऊन मी एकटाच केबिनमध्ये रडलो. लाज वाटायचं काही कारण नाही, मला बरंच वाटलं.

संध्याकाळी तिच्या घरी गेलो आणि म्हणालो, "आज कमानीपाशी थांबून थांबून का चालवत होतीस? गुडघा दुखतोय का?"

आक्काने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "तुला कुणी सांगितलं?"

"लागलीस मला."

तिला सगळं समजावून सांगितलं तर आधी तिने माझी यथेच्छ टर उडवली. "म्हंजे आता मी तुझ्या बरगडीवर बसून कामाला जाते म्हण की!" पण त्यानंतर तिला तो नादच लागला. माझी गाडी मागून येताना दिसली की ती मुद्दाम दोनदा पायडल मारायचं थांबायची आणि परत सुरू करायची. ती तिची हाक. मी हॉर्नला फक्त बोट लावायचो. लहानपणी एका ताटात जेवायचो तेव्हासुद्धा आम्ही एकमेकांची एवढी विचारपूस केली नसेल.

माझ्यात बाकीही बदल झाला, असं घरचे म्हणतात. सविता, माझी बायको, एकदा गाडीत बसून आली आणि घरी गेल्यावर म्हणाली, "तुम्ही कुणाला शिव्या देईनासे झालात, बरं वाटत नाही का?" आता जो माणूस आपल्या अंगाला लागतोय त्याला शिवी कशी द्यायची? त्याचा धक्का आपल्यालाच बसणार. बंडी काढली की मात्र उघडंबोडकं वाटायचं. घरी मी भिंतीला पाठ लावूनच बसायला लागलो. मॅडमना सांगितलं तर त्या हसून म्हणाल्या, की आता गाडी तुमच्या अंगात आली. आरशांकडे बघायची सवयही आमची सगळ्यांचीच कमी झाली. डावीकडे शांत आहे म्हणजे डावीकडे कोणी नाही, हे अंगाने एकदा मानलं की डोळे कशाला तसदी घेतील?

त्या वर्षी काट्याच्या चौकात एकही सायकलवाला गाडीखाली गेला नाही. आमच्या भागात हे कोणाच्या आठवणीत घडलेलं नव्हतं. बायका पुन्हा पोरींना सायकलवर शाळेत पाठवायला लागल्या. आक्काच्या कॅन्टीनमधल्या बहुतेक जणींनी सायकली घेतल्या. आणि राखी पौर्णिमा जवळ आली तेव्हा आक्काच्या डोक्यात एक कल्पना आली.

"ह्या वर्षी तुला राखी न्हाई," तिने मला जाहीर केलं. "तुझ्या गाडीच्या डोळ्याला बांधणार. तू इतकी वर्षं ओवाळून घेतलंस आणि सांभाळलं कुणी? त्यानं."

"ओवाळणी पण त्याच्याकडनंच घे मग."

"घेते की. रोज घेतेच आहे."

तिच्या कॅन्टीनमधल्या बायकांनी ते उचलून धरलं. एकटीने एकाच गाडीला का, सगळ्यांनी सगळ्या गाड्यांना बांधायची.

पौर्णिमेच्या सकाळी नटूनथटून त्या प्लांटच्या फाटकाशी आल्या. पाऊस भुरभुरत होता. मिक्सर भरण्यासाठी रांगेत उभे होते आणि बायका ताटं घेऊन एकेका गाडीपाशी जात होत्या. आमचे ड्रायव्हर म्हणजे एरवी कशालाही न लाजणारी जात, पण त्या दिवशी सगळे माना खाली घालून उभे. कोणाला सवय होती असल्या मानाची? आम्हाला लोक यमाचे रेडे म्हणत आले होते. आमच्यातले सगळ्यात म्हातारे खंडूमामा तर टोपी काढून डोळे पुसत होते. प्लांटच्या मॅनेजरने पेढे वाटले.

आक्काने माझ्या गाडीसाठी बशीएवढी राखी आणली होती. मधोमध लाल मखमल, भोवती सोनेरी कागदाच्या लांब लांब झिरमिळ्या. स्टुलावर चढून तिने ती डाव्या डोळ्यावर बांधली, बरोबर मधोमध, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या आणि हात जोडून म्हणाली, "बाबा रे, असाच जागा राहा." मग सायकल हातात घेऊन माझ्याकडे वळली. "जाते मी पुढं. आज घरी ये जेवायला. नारळीभात करणार हाय. उद्या आम्ही सगळ्या ट्रकतळावर जाणार, तिथल्या गाड्यांना बांधायला. त्यांना पण कळू दे."

मी केबिनमध्ये चढलो. गाडी भरत होती तोवर डाव्या बरगडीवर सारखी वळवळ चालली होती. बायका भोवती आहेत, म्हणून मी काही मनावर घेतलं नाही. गाडी भरून होईपर्यंत बायका पांगल्या आणि बंडी शांत झाली. सगळं कसं जिथल्या तिथे. मी निघालो.

रस्ता मोकळा होता. उजवीकडून स्कूटर जात होत्या, त्या नीट लागत होत्या. डावीकडे काही नाही. सणाचा दिवस, अर्धे कारखाने बंद, मला त्यात नवल वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी खुशीत होतो. मागे ड्रम फिरत होता आणि मी शीळ घालत होतो.

काट्याच्या चौकात सिग्नल लाल होता. मला डावीकडे वळायचं होतं. हिरवा पडला. मी गिअर टाकला, गाडी हलली, हात स्टिअरिंग डावीकडे ओढायला लागले. डावी बाजू रिकामी आहे असं अंग सांगत होतं, आणि अंगावर माझा आता डोळ्यांपेक्षा जास्त विश्वास होता.

आणि तेवढ्यात माझ्या मनात आलं, आक्का कुठाय?

ती माझ्या आधी निघाली होती. तिच्या त्या गुडघ्याने ती चौकापर्यंत माझ्या आधी पोचणं शक्यच नव्हतं. म्हणजे वाटेत कुठेतरी मी तिला मागे टाकायला हवं होतं. ती कमानीपाशी लागली नाही. नाल्याच्या पुलावर लागली नाही. रोज लागते. आज पुरा, तुटका, पुरा, तुटका हे मला एकदाही लागलं नव्हतं. मग गेली कुठे?

माझा पाय ब्रेकवर कधी गेला ते मला कळलं नाही. मिक्सर आचका देऊन थांबला. मागे हॉर्नचा कल्लोळ उठला. मी हँडब्रेक ओढला, क्लीनरच्या सीटवर आडवा झालो आणि डाव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून खाली पाहिलं.

पुढच्या चाकाला लागून एक सायकल होती. त्यावर एक माणूस. सिक्युरिटीवाल्याचा करडा गणवेश, हँडलला डब्याची पिशवी. उजव्या हाताचा पंजा माझ्या गाडीच्या पत्र्यावर टेकवून तो तोल सांभाळत उभा होता, सगळे सायकलवाले उभे राहतात तसा. त्याच्या एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला फुटपाथचा दगड. मी आणखी हातभर वळलो असतो तर त्याला जायला जागाच नव्हती.

त्याने वर पाहिलं आणि तो चिडला. "ओ शेठ! हिरवा पडलाय, जायचं का न्हाई? मध्येच काय थांबता? आमाला ड्युटी हाय!"

मी हात जोडले. "जावा दादा. सावकाश जावा."

"गाडी चालवता येत न्हाई तर घ्यायची कशाला," असं काहीतरी पुटपुटत त्याने पायडल मारलं, चाकापुढून सायकल काढली आणि सरळ निघून गेला. त्याने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. त्याचं नाव मला माहीत नाही, तो कुठला तेही माहीत नाही. त्याच्या शिव्यांइतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

मी खाली उतरलो. वळसा घालून डाव्या बाजूला गेलो. समोर ती राखी, पावसाने भिजून झिरमिळ्या अशा पसरलेल्या की डबीचा एक कोपराही दिसत नव्हता. वाऱ्याने त्या चमकत हलत होत्या. मी राखीकडे पाहिलं आणि मग मला बाकीच्या गाड्या आठवल्या.

प्लांटला फोन लावला, ड्रायव्हरांच्या ग्रुपवर ओरडून सांगितलं, "जिथं असाल तिथं उभे राहा. डोळ्यावरची राखी काढा. गाडी आंधळी झालीय." काही जणांनी लगेच काढली. खंडूमामा मात्र अडून बसले.

"बहिणीनं बांधलेली राखी त्याच दिवशी तोडू? माझ्या हातनं न्हाई व्हायचं ते," ते फोनवर म्हणाले. मामांना सख्खी बहीण नव्हती. आयुष्यातली ती त्यांची पहिली राखी होती.

"तोडू नका मामा. सोडा आणि वर आरशाच्या दांडीला बांधा. मोकळा करा फक्त तो डोळा."

फोनवर दार उघडल्याचा आणि पावसाचा आवाज आला. मग ते म्हणाले, "बांधली. आता लागली रे बाबा माणसं. दोघं हायत शेजारी."

एकाही गाडीखाली कोणी आलं नाही. चौकात पावसात उभं राहून मी कोणाकोणाचे आभार मानले ते मलाच माहीत. देव तर झालेच, पण सिग्नलचे मानले, ब्रेक नवे घालणाऱ्या फिटरचे मानले, माझ्या पायाचेसुद्धा मानले.

मुलाणी मॅडम दुपारी प्लांटवर धावत आल्या. राखी हातात घेऊन त्यांनी झिरमिळ्या उलगडून पाहिल्या.

"हा कागद नाही, धातूचा मुलामा आहे," त्या म्हणाल्या. "लढाऊ विमानं शत्रूच्या रडारला फसवायला अशाच चमकत्या पट्ट्या हवेत सोडतात. तुमच्या यंत्राला सुरुवातीला वाटलं, अगदी जवळ कोणीतरी सारखं हलतंय. म्हणून तुम्हाला वळवळ जाणवली."

"मग गप्प का झालं?"

त्या म्हणाल्या, "डोळ्यावर चिखल बसला तर ड्रायव्हरला दिवसभर त्रास नको, म्हणून आम्ही यंत्राला शिकवलंय. जे कायम चिकटलेलं आहे ते विसरून जायचं. त्याने राखीला चिखल समजून विसरायला घेतलं. आणि ती एवढी मोठी होती की तिच्याबरोबर पलीकडची माणसंही विसरलं." मग स्वतःशीच मान हलवत म्हणाल्या, "चिखल, धूळ, पाऊस, शेण, सगळ्याची परीक्षा घेतली होती आम्ही. राखीची नाही घेतली. चूक आमची आहे, तापकीर. कोणी आभार मानायला येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं."

त्यांनी तिथेच बसून काय बदलायचं ते ठरवलं. यापुढे बंडी कधीच पूर्ण गप्प राहणार नव्हती. कोणी शेजारी नसलं तरी अधूनमधून एक हलकीशी टिचकी येणार, मी जागी आहे असं सांगायला. ती टिचकी बंद झाली की समजायचं, डोळा झाकला गेलाय. डाव्या वळणाआधी आरशात बघायचा जुना नियमही पुन्हा लागू झाला. खरं तर तो सुटायलाच नको होता. मॅडम म्हणाल्या, "बायकांना आम्ही कळवतो. पत्रक काढू. तुमच्या बहिणीचं नाव कुठे येणार नाही."

"पत्रक निघेपर्यंत उद्याचा दिवस उजाडेल," मी म्हणालो. "त्या सकाळीच ट्रकतळावर जाणार आहेत. मीच सांगतो."

सांगतो म्हणालो, पण आक्काच्या दारात पाय अडखळला. किती हौसेने बांधली होती तिने. आयुष्यभर जिने गाड्यांची धास्ती खाल्ली, तिने पहिल्यांदाच एका गाडीपुढे हात जोडले होते. तिला जाऊन म्हणायचं, की तुझ्या हाताने एक माणूस मरणार होता? पावसाने बिघाड झाला असं सांगावं, असंही एकदा मनात आलं. पण मग उद्या ट्रकतळावर काय?

घरात नारळीभाताचा वास सुटला होता. आक्काने पाट मांडला. मी विचारलं, "सकाळी तू होतीस कुठं? वाटेत दिसली न्हाईस."

"नारळ घ्यायला थांबले होते पुलाअलीकडं. म्हातारी सोलून देत बसली. का रं?"

मग मी सांगितलं. राखीपासून त्या करड्या गणवेशापर्यंत सगळं. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं.

आक्का ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. मी गप्प झालो तेव्हा ती भिंतीला टेकून खाली बसली, आखडलेला पाय पुढे पसरून.

"माझ्या हातनं," ती म्हणाली.

"तुझ्या हातनं काय न्हाई झालं. त्या मॅडमला पण ठाऊक नव्हतं, तुला कुठनं असणार?"

"माझ्या हातनंच की. मी त्याला म्हणले, जागा राहा. आणि मीच त्याचं तोंड झाकलं." तिने पदराने डोळे पुसले. मग उठली, फोन घेतला आणि एकेकीला लावत सुटली. "उद्या ट्रकतळावर कुणी डोळ्याला बांधायची न्हाई. ड्रायव्हरच्या हाताला बांधायची. व्हय, अनोळखी असू दे. मी सांगते ना, हाताला बांधायची." प्रत्येकीला तिने का तेही सांगितलं, स्वतःचं नाव न लपवता. मला माझ्या बहिणीचा फार अभिमान वाटला.

शेवटचा फोन ठेवून ती माझ्यासमोर येऊन बसली. मग म्हणाली, "गोरख, एक सांग. डोळा झाकलेला. बंडी गप. आरशात तो माणूस दिसत न्हवता. मग तू थांबलास कशावरनं?"

"तू लागली न्हाईस म्हणून," मी म्हणालो. "रोज लागतीस. आज लागली न्हाईस. म्हणलं, आक्का गेली कुठं?"

आक्काने माझ्याकडे पाहिलं. ती उठून आत गेली. आत भांडी वाजली, नाक शिंकरल्याचा आवाज आला, मग पुन्हा भांडी वाजली. ती कढई घेऊन बाहेर आली आणि माझ्या ताटात वाफाळता नारळीभात वाढला, वर तुपाची धार सोडली.

"जेव," ती म्हणाली. "त्यो सायकलवाला बी आता घरी जेवायला बसला असंल."